एकच स्टॅट-३, मग आयएल-६ आणि आयएल-१० यांचे परिणाम उलट का?

बोरधरण (वर्धा जिल्हा) : प्रश्न

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या अभ्यासक्रमात रोगप्रतिकारशास्त्राचा जो भाग आहे, त्यात सायटोकाइनचा (एक पेशी दुसरीला संदेश देण्यासाठी जे प्रथिन सोडते, त्याचा) संदेश जनुकापर्यंत कसा पोहोचतो हे शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे उपलब्ध असलेल्या पुस्तकांत मिळाले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

पुस्तकातील वर्णन सर्वांना परिचित आहे. सायटोकाइन स्वतः पेशीच्या आत शिरत नाही. ते पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते, ग्राहीच्या आतल्या बाजूला बसलेली जॅक विकरे जागी होऊन ग्राहीतील टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात, त्या फॉस्फेटवर स्टॅट प्रथिन येऊन बसते, त्याच्यावरही फॉस्फेट चढते, आणि अशा दोन स्टॅट प्रथिनांची जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवरील ठरावीक अनुक्रमावर बसते. त्यानंतर त्या जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणे, सुरू होते. इथपर्यंत अडचण नाही.

अडचण पुढे आहे. माणसात जॅक विकरे ४ आणि स्टॅट प्रथिने ७, तर या मार्गाचा वापर करणारी सायटोकाइन व संप्रेरके मिळून ५० हून अधिक आहेत. विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की इतके संदेश जर केवळ ७ प्रथिनांतून जात असतील, तर केंद्रकात पोहोचेपर्यंत संदेश कोणाचा होता हे कळण्याची सोय राहते कुठे? तिने दिलेले उदाहरण मला विशेष अडचणीचे वाटले. आयएल-६ आणि आयएल-१० ही दोन्ही सायटोकाइन मुख्यतः स्टॅट-३ लाच जागे करतात. तरीही मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशीत आयएल-१० मुळे टीएनएफ आणि आयएल-१२ या दाह वाढवणाऱ्या सायटोकाइनची निर्मिती दबते, आणि आयएल-६ मुळे तशी दबत नाही. दोन्ही वेळी डीएनएवर बसणारे प्रथिन तेच, पेशीही तीच, मग परिणाम वेगळा का?

दुसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे. सायटोकाइन तेच असूनही वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळी जनुके चालू होतात, ते कशामुळे? ‘पेशीनुसार परिणाम बदलतो’ एवढे उत्तर कृपया देऊ नये, कारण तो प्रश्नच विधानाच्या रूपात सांगितल्यासारखे होते. शक्य असल्यास कोणत्या प्रयोगावरून ते कळले हेही लिहावे.

पैनगंगा : उत्तर

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीने ज्या उदाहरणावर बोट ठेवले आहे, त्याचे उत्तर २००३ मध्ये बऱ्याच अंशी मिळालेले आहे. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला असून सध्या पुण्यात मॅक्रोफेज पेशींवरच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, की पुस्तकातील आकृती बाण डीएनएपाशी थांबवते, परंतु पेशीत गोष्ट तेथे थांबत नाही. स्टॅटने चालू केलेल्या पहिल्या जनुकांमध्ये याच मार्गाला लगाम घालणाऱ्या प्रथिनांची जनुकेही असतात. त्या प्रथिनांना सॉक्स म्हणतात. आयएल-६ दिल्यावर स्टॅट-३ जागे होते, तासाभरात सॉक्स-३ तयार होते, आणि ते आयएल-६ च्या ग्राहीतील जीपी-१३० या घटकाच्या एका विशिष्ट टायरोसिनला जाऊन चिकटते. तेथून ते जॅकचे काम थांबवते. परिणामी आयएल-६ बाहेर उपलब्ध असूनही स्टॅट-३ वरील फॉस्फेट लवकरच ओसरते. आयएल-१० मुळेही सॉक्स-३ तयार होते, परंतु आयएल-१० च्या ग्राहीवर सॉक्स-३ ला बसण्यासाठी तशी जागा नाही. म्हणून तेथे स्टॅट-३ काही तासांनंतरही जागेच राहते.

हे नुसते अनुमान नाही. २००३ मध्ये नेचर इम्युनॉलॉजी या नियतकालिकात या विषयावर तीन स्वतंत्र गटांचे शोधनिबंध आले. ज्या उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींतून सॉक्स-३ चे जनुक काढून टाकले होते, त्या पेशींना आयएल-६ दिले असता स्टॅट-३ दीर्घकाळ जागे राहिले, आणि आयएल-६ ने अगदी आयएल-१० सारखे वागून टीएनएफ व आयएल-१२ यांची निर्मिती दाबली. जीपी-१३० मधील ते एकच टायरोसिन बदलले तरीही हाच परिणाम दिसला. म्हणजे ‘दाह शमवण्याची’ क्षमता आयएल-१० या रेणूची मक्तेदारी नव्हती. स्टॅट-३ पुरेसा वेळ टिकले तर मॅक्रोफेज तोच निर्णय घेते, मग संदेश कोणीही आणलेला असो. माझ्या मते संपूर्ण क्षेत्रातील हा एक अत्यंत देखणा प्रयोग आहे, आणि तो पदवीच्या पुस्तकांत अजून का आला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

याच पेशींत आणखी एक गोष्ट आढळली, ती आपल्या पहिल्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. सॉक्स-३ नसताना आयएल-६ मुळे स्टॅट-१ देखील अधिक प्रमाणात जागे झाले, आणि जी जनुके एरवी इंटरफेरॉन-गॅमा या वेगळ्या सायटोकाइनमुळे चालू होतात ती आयएल-६ मुळे चालू झाली. याचा अर्थ, कोणता संदेश कोणत्या स्टॅटपर्यंत मर्यादित राहील हेही ग्राही एकटा ठरवत नाही. लगाम कितपत घट्ट आहे यावर ते अवलंबून असते.

वेळ टिकल्याने जनुके वेगळी का निवडली जातात, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्यासाठी इंटरफेरॉन-गॅमा चे उदाहरण सोपे जाते. हे इंटरफेरॉन मिळाल्यावर १५ ते ३० मिनिटांत स्टॅट-१ च्या ७०१ व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढते आणि त्याची जोडी डीएनएवरील गॅस नावाच्या अनुक्रमावर बसते. आयआरएफ-१ या, स्वतःही इतर जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाचे जनुक या पहिल्या लाटेत चालू होते. परंतु वर्ग-२ चे एमएचसी रेणू, ज्यांच्यामुळे मॅक्रोफेज टी-पेशीला प्रतिजन दाखवू शकते, ते पहिल्या लाटेत येत नाहीत. त्यांच्यासाठी आधी सीआयआयटीए नावाचे प्रथिन लागते, सीआयआयटीए च्या जनुकासाठी स्टॅट-१ बरोबर नव्याने बनलेले आयआरएफ-१ लागते, आणि या साखळीला कित्येक तास जातात. संदेश मध्येच तुटला तर पहिली जनुके चालू होऊन गेलेली असतील, पण शेवटची होणार नाहीत. प्रयोगशाळेत हे ओळखण्याची रीत जुनी आहे. सायक्लोहेक्सिमाइड देऊन पेशीतील नवीन प्रथिननिर्मिती बंद करायची, आणि मग संदेश द्यायचा. जी जनुके तरीही चालू होतात ती थेट संदेशाच्या अधीन असतात. जी होत नाहीत, त्यांना मध्ये एखादे नवे प्रथिन लागते. आयएल-१० चा टीएनएफ दाबण्याचा परिणाम अशाच नवीन प्रथिनांवर अवलंबून असतो. स्टॅट-३ स्वतः टीएनएफच्या जनुकावर बसून ते बंद करते, असे समजू नये. ते दुसरी जनुके चालू करते, आणि त्यांची प्रथिने हे काम करतात.

याच रीतीने १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कॅपा-बी या जनुके चालू करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाबद्दल दाखवले होते, की हे प्रथिन पेशीत आधीच तयार असते. नवीन प्रथिननिर्मिती बंद केली तरी जिवाणूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइड देताच ते डीएनएला चिकटू लागते. पुढे कळले, की आयकॅपाबी नावाचे प्रथिन त्याला पेशीद्रवात अडवून ठेवते, संदेश आल्यावर आयकॅपाबीवर फॉस्फेट आणि युबिक्विटिन चढते, ते नष्ट होते, आणि एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाते. तेथे ते जी जनुके चालू करते त्यांत आयकॅपाबी-अल्फाचे जनुकही आहे. नवे आयकॅपाबी तयार होऊन त्याला पुन्हा बाहेर ओढते, आणि टीएनएफ सतत दिले तर हे आत-बाहेर होणे सुमारे १०० मिनिटांच्या आवर्तनाने चालू राहते. टीएनएफ थोडा वेळ दिले तर एका प्रकारची जनुके आणि दीर्घकाळ दिले तर त्यांत आणखी काही जनुकांची भर, असे येथेही दिसते.

एक सावधगिरी नोंदवतो. आयएल-६ ला सरसकट ‘दाह वाढवणारे’ म्हणणे सोयीचे असले तरी ते पूर्ण खरे नाही, कारण ऊती दुरुस्त करण्यातही त्याचा वाटा आहे. विद्यार्थ्यांना सांगताना ‘मॅक्रोफेजमध्ये टीएनएफ दाबत नाही’ एवढेच म्हणावे.

आंबिया (वरूड) : उत्तर

पैनगंगा यांनी वेळेबद्दल जे लिहिले ते मान्य आहे, परंतु त्याने मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. सॉक्स-३ मुळे एकाच पेशीतील दोन सायटोकाइनचा फरक समजतो. एकच सायटोकाइन आणि वेगळ्या पेशी, हा फरक त्याने समजत नाही. आयएल-६ चेच घ्या. यकृताच्या पेशीत ते स्टॅट-३ मार्गे सीआरपी (दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन), फायब्रिनोजेन आणि हेप्सिडिन यांची जनुके चालू करते. आपल्याकडे तालुक्याच्या पॅथॉलॉजीत ताप आलेल्या माणसाचे सीआरपी मोजतात, तेव्हा अप्रत्यक्षपणे यकृताला मिळालेल्या आयएल-६ चाच अंदाज घेत असतात. उंदराच्या कोवळ्या टी-पेशीत तेच आयएल-६, टीजीएफ-बीटा हे दुसरे सायटोकाइन सोबत असताना, तेच स्टॅट-३ वापरून आरओआर-गॅमा-टी हे नियंत्रक प्रथिन आणि आयएल-१७ हे सायटोकाइन यांची जनुके चालू करते. टी-पेशी सीआरपी बनवत नाही आणि यकृताची पेशी आयएल-१७ बनवत नाही, स्टॅट-३ कितीही वेळ टिकले तरीही.

मी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आता घरची संत्र्याची बाग पाहतो, त्यामुळे मला हे बागेवरून समजावणे सोपे वाटते. ताण दिलेल्या झाडाला पाणी सोडले की ते फुलावर येते, आणि ताण न दिलेल्या झाडाला तेच पाणी तेवढेच दिले तर नुसती नवती फुटते. फूल की पालवी, हे पाण्यात लिहिलेले नसते. झाडाची आधीची तयारी ते ठरवते.

पेशीतील ही तयारी म्हणजे क्रोमॅटिनची स्थिती. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि स्टॅटला ज्या अनुक्रमावर बसायचे तो अनुक्रम घट्ट गुंडाळलेल्या भागात असेल तर स्टॅट केंद्रकात असूनही तेथे पोहोचू शकत नाही. गॅस अनुक्रम म्हणजे टीटीसी, मध्ये काही अक्षरे, आणि जीएए. एवढा लहान अनुक्रम आपल्या डीएनएत असंख्य ठिकाणी सापडणारच. त्यांपैकी कोणत्या जागा मोकळ्या असाव्यात, हे त्या पेशीच्या घडणीच्या काळात दुसऱ्याच प्रथिनांनी ठरवून ठेवलेले असते. मॅक्रोफेजमध्ये हे काम मुख्यतः पीयू-१ नावाचे प्रथिन करते. ते गुंडाळलेल्या डीएनएत शिरून त्या पेशीला लागणाऱ्या एन्हान्सरच्या (जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनएच्या भागांच्या) जागा मोकळ्या करते आणि तेथील हिस्टोनवर मिथाइल खुणा येतात. नंतर स्टॅट-१ किंवा एनएफ-कॅपा-बी आले की ते बहुतांशी या आधीच तयार असलेल्या जागांवर बसते. टी-पेशीत पीयू-१ जवळपास नसल्यामुळे त्या जागा बंद असतात, आणि तिच्या स्वतःच्या वेगळ्या जागा मोकळ्या असतात.

यात एक गुंतागुंत आहे आणि ती टाळून चालणार नाही. संदेश नेहमी तयार जागेवरच बसतो असे नाही, कधीकधी तो तयारीच बदलतो. सहायक टी-पेशी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आयएल-१२ स्टॅट-४ मार्गे आणि इंटरफेरॉन-गॅमा स्टॅट-१ मार्गे टी-पेशीला टीएच-१ प्रकाराकडे नेतात, तेथे टी-बेट हे प्रथिन बनते आणि इंटरफेरॉन-गॅमा च्या जनुकाचा परिसर मोकळा होतो. आयएल-४ स्टॅट-६ मार्गे तिला टीएच-२ कडे नेते, तेथे गाटा-३ बनते आणि आयएल-४, आयएल-५ व आयएल-१३ यांची एकमेकांशेजारी असलेली जनुके मोकळी होतात. टी-बेट आणि गाटा-३ एकमेकांना दाबतात. म्हणून सुरुवातीला ज्या सायटोकाइनने दिशा दिली ते नंतर नसले, तरी पेशी त्याच दिशेने चालत राहते आणि तिच्या पुढच्या पिढ्याही तशाच निपजतात. म्हणजे आजचा संदेश उद्याच्या संदेशासाठी क्रोमॅटिन तयार करतो. ‘संदेश आला, जनुक चालू झाले, संदेश गेला, जनुक बंद झाले’ हे चित्र प्रतिकार पेशींच्या बाबतीत अपुरे पडते ते याच ठिकाणी.

झाडीपट्टी (चंद्रपूर जिल्हा) : उत्तर

चर्चा उंदरांच्या पेशींवर चालली आहे, म्हणून माणसांतील काही गोष्टी जोडतो. मी आरोग्यसेवेत आहे, संशोधक नाही.

आनंदवनामुळे आपल्या भागात कुष्ठरोगाचे नाव प्रत्येकाच्या परिचयाचे आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे नवे रुग्ण आजही आढळतात. या रोगाची एक विशेषता अशी, की जंतू एकच असूनही एका रुग्णाला दोन-तीन बधिर चट्टे येतात व त्यांत जंतू जवळपास सापडत नाहीत, तर दुसऱ्याच्या त्वचेत जंतूंची अक्षरशः गर्दी असते. हा फरक जंतूचा नाही. पहिल्या प्रकारच्या चट्ट्यांतील ऊतीत इंटरफेरॉन-गॅमा व त्याने चालू होणारी जनुके ठळकपणे आढळतात, तर दुसऱ्या प्रकारात आयएल-१० आणि इंटरफेरॉन-बीटा ने चालू होणारी जनुके अधिक आढळतात. आता येथे आपल्या विद्यार्थिनीला आवडेल असा मुद्दा आहे. इंटरफेरॉन-बीटा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दोन्ही स्टॅट-१ वापरतात. फरक जोडीदाराचा आहे. गॅमा च्या संदेशात स्टॅट-१ ची स्टॅट-१ शीच जोडी होते आणि ती गॅस अनुक्रमावर बसते. बीटा च्या संदेशात स्टॅट-१, स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ असे त्रिकूट होते आणि ते आयएसआरई या वेगळ्या अनुक्रमावर बसते. शिवाय बीटा मुळे आयएल-१० तयार होते, आणि ते गॅमा ने चालवलेल्या जंतुनाशक जनुकांना मागे ओढते. तेव्हा वेळ आणि क्रोमॅटिन यांच्या आधी, कोणाशी जोडी जमली हाही संदेश ओळखण्याचा मार्ग आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत तो राहून गेला आहे.

या मार्गातील एखादा दुवा जन्मतः नसेल तर काय होते, हेही माणसांत पाहायला मिळते. १९९६ मध्ये माल्टा आणि ट्युनिशिया येथील कुटुंबांत अशी मुले आढळली, की ज्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमा च्या ग्राहीचे जनुक निकामी होते. अशा मुलांना एरवी निरुपद्रवी असणारे मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूच्या गटातले जिवाणू), इतकेच काय पण लसीतील बीसीजी सुद्धा, प्राणघातक ठरू शकतात, आणि तरी इतर बहुतेक जंतूंशी ती बऱ्यापैकी लढतात. आयएल-१० च्या ग्राहीत दोष असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच आतड्याचा तीव्र दाह होतो, हे २००९ मध्ये कळले. खुद्द स्टॅट-३ मध्ये दोष असला तर चित्र तिसरेच असते. अशा रुग्णांना वारंवार स्टॅफिलोकॉकसची गळवे व फुप्फुसाचे संसर्ग होतात, रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) खूप वाढलेले असते, आणि आयएल-१७ बनवणाऱ्या टी-पेशी जवळपास नसतात. २००७ मध्ये हा दुवा सापडला. आंबिया यांनी टी-पेशीतील स्टॅट-३ बद्दल जे लिहिले, त्याला माणसांतला पुरावा हा आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेत चट्टे अचानक लाल होऊन सुजतात आणि चेता निकामी होण्याचा धोका असतो, तेव्हा आपण प्रेडनिसोलोन देतो. ते पेशीत शिरून आपल्या ग्राहीसह केंद्रकात जाते, एनएफ-कॅपा-बी ने चालवलेली जनुके दाबते आणि दाहाला आवर घालणारी काही जनुके चालू करते, म्हणजे हे औषध सरळ जनुकांच्या पातळीवर काम करते. टोफासिटिनिब सारखी जॅक विकरे रोखणारी औषधे, जी संधिवातासाठी अमेरिकेत २०१२ पासून मान्य आहेत, सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण जॅक रोखले की इंटरफेरॉन-गॅमा चा संदेशही मंदावतो आणि दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो.

बोरधरण : प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पैनगंगा सरांनी सांगितलेला सॉक्स-३ चा प्रयोग मी फळ्यावर दोन आलेखांच्या रूपात मांडणार आहे, एक आयएल-६ चा लवकर उतरणारा आणि दुसरा आयएल-१० चा टिकून राहणारा.

आणखी दोन शंका आहेत. स्टॅट केंद्रकातील नेमक्या कोणत्या जागांवर बसले, हे प्रत्यक्ष कसे पाहतात? आणि जेथे ते बसते तेथील प्रत्येक जनुक चालू होते का? आंबिया भाऊंनी लिहिलेल्या ‘तयारी’ बद्दलही विचारायचे आहे. संदेश निघून गेल्यावर मॅक्रोफेजसारख्या पेशीतही ती तयारी टिकते का, की ते केवळ टी-पेशींपुरतेच आहे?

पैनगंगा : उत्तर

पद्धत अशी आहे. जिवंत पेशीत फॉर्माल्डिहाइड घालून प्रथिने डीएनएला जागच्या जागी बांधून टाकतात, डीएनएचे लहान तुकडे करतात, स्टॅट-१ ला ओळखणारी प्रतिपिंडे वापरून केवळ त्याला चिकटलेले तुकडे वेगळे काढतात, आणि त्या तुकड्यांचा अनुक्रम वाचून ते जीनोममध्ये कुठले आहेत ते पाहतात. २००७ मध्ये ही पद्धत नव्या अनुक्रम-वाचन यंत्रांवर वापरली जाऊ लागली, तेव्हा सुरुवातीला निवडलेल्या प्रथिनांत स्टॅट-१ हे एक होते. पेशी मात्र प्रतिकार पेशी नव्हत्या, हेला नावाच्या प्रयोगशाळेतील पेशी होत्या. इंटरफेरॉन-गॅमा न देता सुमारे ११,००० जागांवर आणि दिल्यानंतर सुमारे ४१,५०० जागांवर स्टॅट-१ आढळले.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर याच आकड्यात आहे. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत, आणि इंटरफेरॉनने ठळकपणे बदलणारी त्यांतली केवळ काहीशे ते हजाराच्या घरात. म्हणजे बहुसंख्य जागांवर स्टॅट बसते आणि जवळच्या जनुकात लक्षणीय काही घडत नाही. कोठे शेजारी लागणारे दुसरे प्रथिन नसते, कोठे हिस्टोनवर ॲसिटिल गट चढवणारी विकरे येत नाहीत, तर कोठे ती जागा दूरच्या एखाद्या जनुकासाठी असते. म्हणून परीक्षेत ‘स्टॅट डीएनएवर बसल्याने जनुक चालू होते’ असे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देणार नाही. बसणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

आंबिया (वरूड) : उत्तर

तयारी मॅक्रोफेजमध्येही टिकते. २०१३ मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींवर असे आढळले, की लिपोपॉलिसॅकराइड, आयएल-४ किंवा इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर काही अशा एन्हान्सर जागा उघडतात, ज्यांच्यावर आधी पीयू-१ ही नव्हते आणि हिस्टोनची कोणतीही खूण नव्हती. संदेश धुऊन काढल्यावर तेथील ॲसिटिल खुणा गेल्या, परंतु अनेक ठिकाणच्या मिथाइल खुणा राहिल्या, आणि तोच संदेश पुन्हा मिळाला तेव्हा त्या जागा अधिक वेगाने व जोमाने कामाला लागल्या.

माणसांत याचे परिचित उदाहरण बीसीजीचे आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी देऊन त्यांच्या रक्तातील मोनोसाइट (ज्यांपासून मॅक्रोफेज बनू शकतात त्या पेशी) तपासल्या, तेव्हा तीन महिन्यांनंतरही त्या पेशी क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना पाहून अधिक टीएनएफ आणि आयएल-१बीटा बनवत होत्या, आणि त्या जनुकांपाशी हिस्टोनवरील मिथाइल खुणा वाढलेल्या होत्या. येथे कोणीही लगेच आक्षेप घेईल, की मोनोसाइट रक्तात काही दिवसच राहते, मग तीन महिन्यांपूर्वीची खूण तिच्यात आली कोठून? उंदरांवरील २०१८ च्या कामातून दिसले, की बीसीजी अस्थिमज्जेपर्यंत पोहोचले तर तेथील मूळ पेशींतच बदल होतो, आणि त्यांच्यापासून नंतर घडणाऱ्या मॅक्रोफेज पेशी क्षयाच्या जंतूंना अधिक चांगले आवरतात. ज्या पेशीने बीसीजी कधी पाहिलेच नाही, तिच्याही जनुकांची स्थिती अशा रीतीने आधीच बदललेली असते.